पाण्यामागे पुण्यात

सुटी लागली की लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात. मी या खेपेला पुण्यातच राहिलो आणि पुण्याचे पाणी पाहत हिंडलो. निमित्त पुतणीचे. ती डिझाइनच्या महाविद्यालयात शिकते. वस्तीतल्या बायकांचे पाणी भरण्याचे कष्ट हलके होतील असे काही बनवा, असे तिच्या वर्गाला सांगितले होते. पोरीने लगेच चित्र काढले : आडवा पिंप, त्याला दांडी, भरायचा आणि जमिनीवरून लोटत न्यायचा. कल्पना तशी जुनीच. दक्षिण आफ्रिकेत असा नव्वद लिटरचा पिंप १९९१ साली निघाला.

"काका, आधी पूर्वीच्यांनी काय केलं ते पाहू," ती म्हणाली, म्हणून आम्ही कात्रज गाठले. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी येथून दगडी नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले. पंप नाही, इंजिन नाही. सारे काम उताराचे. शहरात शिरल्यावर हे पाणी हौदांत पडे. पाणी गेले तरी नावे राहिली. आजही 'फडके हौद' म्हटले की रिक्षावाला पुढे पत्ता विचारीत नाही.

पण गावात हौद आहे म्हणून तो साऱ्या गावाचा असतो असे नाही. गंज पेठेतल्या ज्या वाड्यात जोतीराव फुले राहिले, तो आता स्मारक आहे. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यात ना यंत्र, ना नकाशा. खर्च होता तो लोकांच्या रोषाचा, आणि तो त्यांनी सोसला. पुतणी तिथे बराच वेळ गप्प होती.

खडकवासल्याला मात्र खुलली. येथल्या धरणावर १९०३ साली विश्वेश्वरय्यांचे आपोआप चालणारे दरवाजे बसले. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढले की उघडायचे, उतरले की मिटायचे. विश्वेश्वरय्या शिकले पुण्याच्याच सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठात. ते धरण १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात फुटले. पुढे ते पुन्हा बांधले.

शेवटी पर्वती. देवदर्शनाला आपण नेहमी जातो, पण त्याच टेकडीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत आपल्यापैकी किती जण गेले असतील? पायथ्याशी निम्म्या पुण्याचे पाणी शुद्ध होते, आणि वर अरुंद बोळांतून पायऱ्याच पायऱ्या. कमरेवर हंडा घेतलेल्या एका मावशींना पुतणीने आपले चित्र दाखवले. मावशींनी हंडा खाली ठेवला.

"हे चाक पायऱ्या चढंल का, पोरी?"

चाक तिथेच संपले. मावशी पुढे म्हणाल्या, "आन् वजनाचं काय न्हाई गं. पाणी कधी सुटंल त्याचा नेम न्हाई. वाट बघत बसलं की कामावर खाडा. पाच घरची भांडी हायत माझ्याकडं."

पुतणीने चित्रावर फुली मारली. दोन दिवस ती एकटीच तिकडे गेली आणि नळाच्या वेळा वहीत टिपून आणल्या. तिसऱ्या दिवशी मलाही नेले. नवे चित्र साधे होते : नळापाशी चार पिंप ओळीने, पहिला भरला की वरच्या नळीने पाणी दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, शेवटच्याला तरंगता गोळा, म्हणजे सारे भरल्यावर नळ आपसूक बंद. बाई कामावर गेली तरी तिचे पाणी भरलेले. खडकवासल्याचे दरवाजे आठवून मला फार बरे वाटले.

बायकांनी चित्र नीट न्याहाळले. कुलूपवाले झाकण हवे, पिंप ओट्यावर हवेत, अशा सूचना आल्या. पुतणी भराभर लिहून घेत होती. मात्र पहिला पिंप कोणाचा, यावर तिथल्या तिथे जे भांडण जुंपले, ते आम्ही संध्याकाळी टेकडी उतरलो तरी वर चालूच होते.