गवताची हजामत

माणसाची किंमत तो कोठे उभा आहे यावर ठरते, असे म्हणतात. माणसाचे मला ठाऊक नाही; गवताची मात्र नक्की ठरते. हरळीचेच घ्या. भाद्रपदात गणपतीच्या पाटासमोर आली की ती दूर्वा होते, आणि एकवीस दूर्वांची जुडी बांधताना आमच्या घरची मंडळी एकेक काडी सोन्यासारखी निवडून घेतात. तीच हरळी धुऱ्यावरून धानाच्या बांधीत उतरली की शेतकरी तिला शिव्यांची लाखोली वाहतो. कारण उपटताना तिचा बोटभर तुकडा मातीत राहिला, तरी काही दिवसांत ती पुन्हा डोके वर काढते. आणि तीच हरळी क्रिकेटच्या मैदानावर जाऊन बसली, की तिला ‘बर्म्युडा ग्रास’ असे भारदस्त नाव मिळते. त्या बेटाशी तिचे जन्माचे नाते नाही, पण मोठ्या घरी गेल्यावर नाव बदलण्याची रीत आपल्याकडेही आहेच! तेथे तिला वेळेवर पाणी मिळते, खत मिळते, दुखले-खुपले तर औषध मिळते, आणि तिची हजामत करण्यासाठी पगारी माणसे ठेवतात.

या हजामतीविषयीच चार शब्द लिहावेत असे गेले वर्षभर माझ्या मनात आहे.

साकोलीच्या मास्तराने हिरवळीविषयी लिहावे हा थोडा आगाऊपणा वाटेल. आमचा मुलूख झाडीपट्टीचा. एका अंगाला नागझिऱ्याचे जंगल, मधून नागपूरहून रायपूरकडे धावणारा महामार्ग, जागोजाग जुने मालगुजारी तलाव, आणि उरलेल्या जागेत धानाच्या बांध्या. येथे ‘लॉन’ हा शब्द सर्वांना माहीत आहे, पण तो लग्नाच्या जागेसाठी. आणि त्या लॉनवर गवत असेलच अशी खात्री कोणी देत नाही. आमच्याकडे गवत म्हणजे चारा. ते कापायचे, भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा आणि गोठ्यात नेऊन टाकायचा. नुसते दिसायला बरे म्हणून गवत राखावे, आणि वाढले म्हणून कापून तेथेच टाकून द्यावे, हे आमच्या गाईला कोणी सांगितले तर ती रवंथ करायची थांबेल.

पण माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याच्यामुळे मला या विषयात शिरावे लागले. वर्गात तो मागच्या बाकावर बसे. घरी शेती नव्हती. वडील लोकांच्या धुऱ्यावरचे गवत कापत आणि भारे विकत. पोरगाही सकाळी त्यांच्याबरोबर जाई आणि हाताला विळ्याचे घट्टे घेऊन शाळेत येई. पुढे तो आखातात गेला. तेथे खेळांच्या मैदानांचा एक मोठा समूह आहे. भोवती वाळवंट आणि मध्ये हिरवळ! शहराचे सांडपाणी शुद्ध करून त्यावर ती जगवतात. त्या हिरवळीवर गवत कापण्याचे यंत्र चालवायला हा लागला. चार-पाच वर्षे तो रोज त्या यंत्रामागून चालत होता.

सुटीच्या दिवशी तो मला फोन करतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात असाच एकदा म्हणाला, “गुरुजी, मी आता गवत कापत नाही जी. आता कापणाऱ्यांना राखतो.” आणि त्याने मोबाईल फिरवून मला ते कापणारे दाखवले. मोठ्या कासवासारखी चार यंत्रे हिरवळीवर संथपणे सरपटत होती. मागे माणूस नाही, पुढे माणूस नाही. एक यंत्र कडेपर्यंत आले, क्षणभर थबकले, वळले आणि परत निघाले. आमच्या शाळेतली मुले कवायतीत इतकी सरळ वळत नाहीत.

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मला हे कसे चालते ते त्याने अगदी उलगडून सांगितले. शिष्याने गुरूला शिकवण्यात जो आनंद असतो तो त्याच्या आवाजात होता. पूर्वीच्या अशा यंत्रांसाठी हिरवळीच्या कडेने जमिनीत तार पुरावी लागे. तारेची खूण लागली की यंत्र वळे आणि वाटेल त्या दिशेला निघे. आताची मोठी यंत्रे आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा समजून घेतात. मैदानाच्या कडेला खांबावर एक उपकरण असते. त्याला स्वतःची जागा नेमकी ठाऊक असल्यामुळे उपग्रहांच्या खुणेत किती चूक आहे ते त्याला कळते, आणि ती चूक ते यंत्रांना सतत सांगत राहते. त्यामुळे एवढ्या मोठ्या मैदानावर यंत्र दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे चुकत नाही. विजेचा साठा संपत आला की ते आपणहून ठाणावर जाते, पोट भरते आणि पुन्हा कामाला लागते. पाती म्हणाल तर वस्तऱ्याच्या पात्याएवढी. फिरत्या चकतीवर ती सैल बसवलेली असतात, दगड लागला तर मागे सरतात. कोणी यंत्र उचलले तर पाती थांबतात.

“पण एवढ्याशा पात्याने गवत कापते?” मी विचारले.

“थोडं थोडं आणि रोज कापते जी,” तो म्हणाला.

यातच सगळे रहस्य आहे. हिरवळ राखणाऱ्यांचा एक जुना नियम आहे: एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये. त्याहून अधिक कापले तर गवताला धक्का बसतो, मुळे खचतात. माणूस आठवड्यातून एक-दोनदा येणार, म्हणजे तो एकदम बरेच कापणार. यंत्राला दुसरे कामच नाही. ते रोज केसभर कापते, आणि तो चुरा तेथेच मुळाशी पडून कुजतो व खत होतो. उचलायला नको, न्यायला नको. एका स्वीडिश कंपनीने २०२१ साली जाहीर केलेले असे यंत्र सुमारे ५०,००० चौरस मीटर, म्हणजे बारा एकरांहून अधिक हिरवळ एकट्याने सांभाळते असे सांगतात. फुटबॉलची सात मैदाने! हुस्कवर्ना हे त्या कंपनीचे नाव. १६८९ साली ती बंदुका करायला निघाली होती. पुढे तिने शिवणयंत्रे केली, सायकली केली, आणि १९९५ साली उन्हावर चालणारे, आपोआप गवत कापणारे पहिले यंत्र बाजारात आणले. बंदुकीपासून हजामतीपर्यंतचा हा प्रवास मला तरी फार आवडला.

गवत कापण्याच्या यंत्राचा जन्मच मुळी गमतीचा आहे. इंग्लंडात ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राऊड गावी लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभे राहिलेले तंतू एका फिरत्या पात्यांच्या यंत्राने सारखे करीत. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ते पाहिले आणि त्याच्या मनात आले, की कापडाची लव कापता येते तर जमिनीची का नाही? १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पवनी-मोहाडीकडे मागाचा खटखटाट ऐकत वाढलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे ऐकून बडिंगविषयी आपलेपणा वाटल्याशिवाय राहत नाही. त्याच्याआधी हिरवळ कापायची ती कोयत्याने, नाहीतर मेंढ्यांकडून. लॉर्ड्सच्या क्रिकेट मैदानावरसुद्धा मेंढ्या चरत. तेथे प्रथम यंत्र आले तेव्हा रॉबर्ट ग्रिमस्टन नावाच्या एका जुन्या सभासदाला इतका संताप आला, की त्याने मजूर बोलावून कुदळींनी ते फोडून टाकायला लावले, अशी गोष्ट सांगतात. आणि पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी माणसांची मेहनत वाचावी म्हणून आपल्या राजवाड्याच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या. त्यांची लोकर लिलावात विकून पन्नास हजार डॉलरांहून अधिक रक्कम रेडक्रॉसला मिळाली. गवत, पोट आणि धर्मकार्य, तिन्ही गोष्टी एका मेंढीने साधल्या. हे कोणत्याही यंत्राला अजून जमलेले नाही.

माझ्या विद्यार्थ्याचे वडील अजून साकोलीजवळच्या आपल्या गावी असतात. त्यांना पोराचे यंत्र दाखवावे म्हणून मी एकदा मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हाताऱ्याने बराच वेळ निरखून पाहिले. यंत्राचे नवल त्याला वाटले नाही. त्याने एकच विचारले, “गुरुजी, मंग ते गवत खाते कोन?”

“कोणी खात नाही. तेथेच पडते.”

“मंग कापतेत कायले?”

मी निरुत्तर झालो. घरी येताना मला वाटले, या प्रश्नात अडाणीपणा काडीचाही नाही. आयुष्यभर ज्याने गवत कापले ते कोणाच्या तरी पोटासाठी, त्याने असेच विचारायला हवे.

पण पोराला सतावणारा प्रश्न निराळा होता, आणि तो त्याने मला दोन महिन्यांनी सांगितला. यंत्रे आली तेव्हा गवत कापणारे ते आठ जण होते. त्यांतल्या पाच जणांना गावी परत जाण्याचे तिकीट मिळाले. कोणी कर्ज काढून तेथे गेलेला, कोणाच्या बहिणीचे लग्न ठरलेले. तीन राहिले, त्यांत हा एक. “मला का ठेवलं असेल, गुरुजी?” असे तो विचारीत होता. राहिलेल्या माणसालाही गेलेल्यांचे असे ओझे असते.

का ठेवले ते मग त्याच्याच बोलण्यातून मला उमगले. पहाटे दव असताना हा बूट काढतो आणि अनवाणी हिरवळीवरून एक फेरी मारतो. ही सवय बापाची. धुऱ्यावर गवत कापण्याआधी जमीन कोठे ओली, कोठे दगडी, कोठे बीळ, हे तो पायाने पाहून ठेवी. अशाच एका फेरीत याच्या तळव्याला एके ठिकाणी गारवा अधिक लागला. गवत तर इतर ठिकाणासारखेच हिरवे होते आणि यंत्रे त्यावरून बिनतक्रार फिरत होती. याने खणून पाहायला सांगितले, तर खाली पाण्याची नळी फुटलेली! आणखी आठवडाभर कोणी पाहिले नसते तर तो भाग कुजला असता. गवताचा रंग किंचित पिवळा दिसू लागला, दवाची जाळी एके ठिकाणी वेगळी बसली, की हा थांबतो. यंत्राला थांबायचे ते वीज संपली म्हणून. माणूस शंका आली म्हणून थांबतो.

हे ऐकताना मला आमचे नागपूर आठवले. साकोलीपासून शंभरेक किलोमीटरवर, जामठ्याच्या मैदानावर, २३ सप्टेंबर २०२२ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना होता. आधी झालेल्या पावसाने मैदान ओले राहिले होते. पाऊस थांबलेला, हजारो लोक वाट पाहत बसलेले, गवत उत्तम कापलेले. आणि तरीही खेळ सुरू होईना. पंच पुन्हा पुन्हा मैदानात जात, ओल्या जागी पाऊल दाबून पाहत आणि परत येत. शेवटी वीस षटकांचा सामना आठ षटकांचा झाला. भारत जिंकला म्हणून लोक बाकीचे विसरले. मला मात्र ती दाबून पाहणारी पावले आठवत राहिली. खेळाडूचा पाय घसरेल की नाही हे ठरवायला शेवटी माणसाचा पायच लागला.

युरोपात आता दुसरीच काळजी निघाली आहे. ही यंत्रे रात्री चालतात, आणि तेथे बागांतून हिंडणारा जाहक नावाचा काटेरी प्राणी संकट आले की पळत नाही, अंगाचा गोळा करून बसतो. म्हणून जर्मनीतल्या कोलोन शहराने २०२४ साली रात्री ही यंत्रे चालवण्यावर बंदी घातली. हे वाचले तेव्हा आमच्या शाळेच्या आवारात घडलेली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर आली. पावसाळ्यानंतर आमच्या मैदानावर गुडघाभर गवत वाढते. वस्तीतली एक आजी ते विळ्याने कापते आणि आपल्या शेळ्यांसाठी नेते. मैदान मोकळे होते, शेळ्यांची पोटे भरतात, आणि पैशाची देवघेव कोठेच होत नाही. एका वर्षी कापता कापता कुंपणाजवळ तिला लाव्याचे घरटे दिसले. तिने विळा वळवला, भोवतालचे गवत कापले आणि मध्ये परातीएवढा गवताचा झुबका तसाच ठेवला. त्या परातीभोवती पुढचे काही दिवस मुलांचा असा कडक पहारा होता, की परीक्षेत माझाही नसतो.

तेव्हा यंदा शाळेच्या बैठकीत पेट्रोलवर चालणारे, खांद्याला अडकवायचे कटर घ्यावे असा प्रस्ताव आला, तेव्हा मी एवढेच म्हणालो, “यंत्र वाईट नाही. पण ते गवत कापील, नेणार कोण? आणि आजीच्या शेळ्यांनी काय करावे?” प्रस्ताव पुढच्या वर्षावर गेला. पुढच्या वर्षीही तो येईल, आणि आजीचे वय पाहता केव्हातरी मंजूरही करावा लागेल. त्या वेळी कटर ज्याच्या खांद्यावर द्यायचे, त्याला आधी तिच्याबरोबर एक दिवस मैदानावरून फिरवावे, असे मी ठरवून ठेवले आहे.

माझ्या विद्यार्थ्याचा करार माघात संपतो. तो वाढवायचा की परत येऊन इकडेच एखाद्या मैदानावर काम शोधायचे, याचा विचार त्याच्या मनात चालू आहे. आठ तास यंत्रामागून चालणारे त्याचे पाय सुटले याचा मला आनंद आहे. पाच जण गेले याचे दुःखही आहे, आणि ते या आनंदाने फिटत नाही. यंत्र घेणाऱ्याने वाचलेल्या पगाराचा हिशेब करताना, बघणारे किती ठेवायचे हाही आकडा मांडावा, एवढेच माझे मागणे आहे.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाला मात्र मला नंतर उत्तर सापडले. गायगोधनाच्या दिवशी तो भेटला. गाईंच्या शिंगांना रंग, गळ्यात माळा, सगळे गाव रस्त्यावर. मी त्याला बाजूला घेऊन म्हटले, “तुम्ही विचारलं होतं ना, ते गवत कापतात कशाला? त्यावर पोरं खेळतात. पडली तर लागू नये म्हणून सारखं ठेवतात.”

त्याने थोडा वेळ विचार केला.

“पोरांसाठी असन तं बरं आहे जी,” तो म्हणाला, आणि गाईंच्या मागे निघाला.