शेरा

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांचे डोळे तपासण्यात माझ्या आयुष्याची तीस वर्षे गेली. वीस फुटांवर टांगलेला अक्षरफलक, लाकडी पेटीत मखमली खाचांतून ओळीने उभी केलेली भिंगे, नाकावर जड वाटणारी ती गोल चौकट आणि सरतेशेवटी उमेदवाराच्या कागदावर लिहावयाचा शेरा, एवढ्याच सामग्रीवर मी कित्येकांच्या आकांक्षांचा निकाल लावला. आणि ज्यांच्या कागदावर ‘अपात्र’ हा शब्द माझ्या हातून पडला, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. त्या चेहऱ्यांच्या मेळ्यात, ज्याला पाहणे मला कधी शक्यच नव्हते, असा एक तरुण नेहमी येऊन उभा राहतो. तो इंद्रलाल रॉय.

इंद्रलालचा जन्म कलकत्त्याचा, २ डिसेंबर १८९८ चा. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतले. १९१४ साली महायुद्धाचा वणवा पेटला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पुढे त्याने रॉयल फ्लाइंग कोअरकडे अर्ज केला, तो दृष्टी सदोष म्हणून नामंजूर झाला. तेव्हा त्याने आपली मोटारसायकल विकली, आलेल्या पैशांतून एका नामांकित नेत्रतज्ज्ञाची फी भरली आणि फेरतपासणीत पहिला निकाल फिरवून घेतला, अशी हकीकत सांगतात. मला ती हकीकत मुळीच असंभाव्य वाटत नाही. एकाच डोळ्यांच्या जोडीवर दोन जाणकारांनी दोन निकाल द्यावेत, यात कोणाची लबाडी असावी लागत नाही. रात्र रात्र मंद दिव्याखाली पुस्तकात डोके घालून बसलेल्या मुलाच्या डोळ्यातला, भिंगाला फुगीर करणारा तो सूक्ष्म स्नायू सकाळीही आवळलेलाच राहतो, आणि मूळची दृष्टी निर्दोष असताना तो मुलगा फलकासमोर ऱ्हस्वदृष्टीचा ठरतो. दोन दिवसांची विश्रांती आणि औषधाचे चार थेंब मिळाले की तीच अक्षरे तो घडाघडा वाचतो.

३० ऑक्टोबर १९१७ रोजी इंद्रलाल छप्पन्नाव्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. त्याच्या वाट्याला आलेले एस.ई. ५ए हे विमान एकासनी होते. त्यात वैमानिकाच्या तोंडासमोर, वारा अडवणाऱ्या काचेतून पुढे गेलेली, सुमारे दोन फूट लांबीची आल्डिस नावाची नळी बसवलेली असे. तिच्यात भिंगे होती, परंतु ती वस्तू मोठी दाखवण्यासाठी नव्हती. काचेवर कोरलेली वर्तुळे दूर आकाशातच रेखाटली आहेत असे भासावे आणि डोळा किंचित इकडेतिकडे सरकला तरी नेम ढळू नये, एवढेच त्यांचे प्रयोजन होते, आणि उंचावरच्या गारठ्यात आतून दव धरू नये म्हणून ती नळी निष्क्रिय वायू भरून बंद केलेली असे. माझ्या शास्त्राचे इतके सुबक उपयोजन मी क्वचितच पाहिले आहे. परंतु शत्रू त्या वर्तुळात येण्यापूर्वी तो हुडकून काढावा लागे, आणि तेथे कोणतेही भिंग साह्यास येत नसे. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख जेवढे दिसते, जवळजवळ तेवढ्याच भागात आपला डोळा खरोखर तीक्ष्ण पाहतो; उरलेले सारे आकाश त्या नखाएवढ्या तुकड्याने झाडून काढावयाचे. त्यातही, पाहण्यासारखे काहीच नसलेल्या निरभ्र पोकळीत डोळा अनंताकडे न लागता थोड्याच हातांवर स्थिरावतो, आणि समोरचा ठिपका असूनही नसल्यासारखा होतो. दृष्टी मोजता येते. नजर मोजण्याचे साधन माझ्या पेटीत नव्हते.

६ डिसेंबर १९१७ रोजी त्याचे विमान उतरताना कोसळले. तो मृत समजला जाऊन शवागारात ठेवला गेला, आणि शुद्धीवर येताच त्याने आतून दार ठोठावले, असे सांगतात. त्यानंतर तो उड्डाणास अपात्र ठरला. दुसऱ्यांदा तोच शब्द! सक्तीच्या त्या विश्रांतीत त्याने चित्रे काढली, बहुतेक विमानांचीच, आणि ती आजही उपलब्ध आहेत. वैद्यकीय शेऱ्यावर त्याने दुसऱ्यांदाही मात केली आणि जून १९१८ मध्ये, कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय यांच्या हाताखाली, तो चाळिसाव्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला.

त्याच जूनच्या अखेरीस मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा दुसरा हिंदी वैमानिक जखमी होऊन शत्रूच्या मुलखात मरण पावला होता. ६ जुलैपासून १९ जुलैपर्यंत, अवघ्या पंधरवड्यात, इंद्रलालने दहा विमाने पाडली. पैकी तीन ८ जुलैच्या एकाच दिवशी, चार तासांच्या आत. २२ जुलैला कार्व्हँच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झुंजताना तोही पडला. ब्रिटिश वैमानिकांना त्या काळी हवाई छत्री दिलेली नसे. नवव्या दिवशी मॅकेलरॉयही गेले. सप्टेंबरात इंद्रलालला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा सन्मान जाहीर झाला, तो मरणोत्तर. एस्तव्हेलच्या ग्रामस्मशानात त्याची कबर आहे.

ज्या नेत्रतज्ज्ञाने त्याला पात्र ठरवले, त्याच्याविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. त्याच्या एका सहीने त्या मुलाला आकाश मिळाले, आणि कबरही.

एकदा साताऱ्याकडचा एक मुलगा रात्रभर गाडीत पुस्तक वाचत आला आणि सकाळी माझ्या फलकाच्या शेवटच्या दोन ओळींवर अडला. ‘अपात्र’ लिहिण्यासाठी टेकवलेली लेखणी मी उचलली आणि त्याला म्हणालो, “बाळ, पुस्तक मिटून ठेव आणि तीन दिवसांनी परत ये.” तो आला, खोलीत उभा राहून, हात मागे बांधून, त्याने अखेरची ओळ एका दमात वाचली. नियमाप्रमाणे मी ‘पात्र’ असा शेरा लिहिला, सही केली, आणि कागद पुढे सरकवताना वयाच्या रकान्यावर माझे बोट थांबले. त्यात एकोणीस हा आकडा होता.