वेगळ्या पातेल्यातलं अंडं

"माय, तुमच्यात अंडं नसतंय का?"

हा प्रश्न मला १४ एप्रिलला विचारला गेला. पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात मी समाजकार्यकर्ती आहे. जयंतीला आमच्याच वस्तीतल्या मंडळाला मी तिथं बोलावलं होतं. निळे झेंडे, बाबासाहेबांचा फोटो, पुरी-भाजी, बुंदी, केळी, आणि अर्थातच सेल्फी. विचारणाऱ्या आजी लातूरकडच्या, आपल्याच समाजातल्या. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. सुकट, अंडं, कधीमधी वशाट यावर त्यांचं शरीर उभं राहिलं. दोन वर्षांपूर्वी आश्रमात आल्या तेव्हा वजन ४७ किलो होतं, आता ४२ आहे. उठताना खाटेचा कठडा धरावा लागतो.

आश्रमाच्या फाटकावर 'शुद्ध सात्त्विक भोजन' अशी पाटी आहे. मी एकदा वहीत आजींच्या दिवसभराच्या ताटाचा हिशेब मांडला. सकाळी चहा-बिस्कीट, मग पोहे. दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि तळ दिसणारं वरण. संध्याकाळी खिचडी. सगळं मिळून प्रथिनं पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरतात, तीही ताट पूर्ण संपलं तर. आजींना दात नाहीत, त्यामुळे पोळी अर्धी परत जाते. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे आजींना पस्तीस. म्हातारपणी स्नायू झिजतात म्हणून डॉक्टर त्याहून जास्तच सांगतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, आणि उकडलेलं अंडं बिनदाताचं माणूसही खातं.

वेळेचं तर विचारू नका. स्वयंपाकीणबाईंना सातची बस गाठायची असते, म्हणून रात्रीचं जेवण सहाला. त्यानंतर थेट सकाळी सातला चहा. तेरा तास! मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर मध्यरात्री उतरली तर? बऱ्याच जणींच्या उशाखाली फुटाण्याची पुडी असते. व्यवस्थापक तिला 'चोरून खाणं' म्हणतात.

आणि अन्नदान. वाढदिवस, वर्षश्राद्ध, पितृपंधरवडा. दाता उशिरा आला की ताटं वाढून म्हातारी माणसं बसलेली. आधी प्रार्थना, मग फोटो, मग जिलबी. पंधरवड्यात सलग पाच दिवस गोड, नंतर महिनाभर पुन्हा तळ दिसणारं वरण. ताटात काय पडायचं हे देणारा ठरवतो. खाणाऱ्याला विचारण्याची पद्धतच नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं १९ वं कलम जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असं वृद्धाश्रम म्हणतं. सेवांच्या दर्जाबद्दल बोलताना ते वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाचं नाव घेतं, जेवणाचं नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शुद्ध-अशुद्धतेवर परीक्षेपुरती पानंच्या पानं लिहिली. 'जातिप्रथेचे निर्मूलन'मधलं चकवाराचं उदाहरण तुम्हीही वाचलं असेल: अस्पृश्यांनी पंगतीत तूप वाढलं म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले आणि अन्नाची नासाडी केली. ती १९३६ ची गोष्ट. आता लाठी कुणी उचलत नाही, 'ट्रस्टचा नियम आहे' असं हसून सांगतात. राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शाळकरी पोरांना आठवड्याला एक अंडं दिलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. पोरांची ही गत, तर म्हाताऱ्यांना कोण विचारतो?

आपल्यातलेही काही जण मला म्हणाले, "ताई, आपण बौद्ध, अंड्यासाठी कशाला भांडता?" त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडावा. गरजेपोटी मारणं आणि मारण्याची हौस यांत बाबासाहेबांनी फरक केला आहे. मी स्वतः गेली सहा वर्षं मांस खात नाही, पण ती निवड माझी आहे. आजींना निवड दिलीच कुणी?

मे महिन्यात मी विश्वस्तांपुढे विषय काढला. दाते तुटतील, इतर रहिवासी दुखावतील, असं उत्तर आलं. आजींच्या शेजारच्या खाटेवर पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, कांदासुद्धा न खाणाऱ्या. त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "मला नको. तिला द्या की, माझं काय जातंय?" हे मी बैठकीत सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी तोडगा निघाला: बुधवारी अंडं चालेल, पण स्वयंपाकघरात नाही. मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. खाणाऱ्यांनी तिथंच खायचं, ताटलीही तिथंच ठेवायची.

मी हो म्हणाले. सहा ग्रॅमसाठी हो म्हणाले.

पहिल्या बुधवारी अकरा जण पडवीत आले. आजींनी अंडं सोललं, मीठ लावून सावकाश खाल्लं. मग ताटलीकडे बघत म्हणाल्या, "पातेलं येगळं, ताटली येगळी. गावाकडंच आल्यावानी वाटलं बघ."

त्या रात्री मी विश्वस्तांना पत्र लिहायला बसले. अंडं आतल्या चुलीवर शिजावं, ज्याला हवं त्याने पंगतीतच खावं, आठ वाजता सगळ्यांना कपभर दूध मिळावं. शिक्षिकाबाईंनी पहिली सही केली. आजींचा अंगठा दुसरा आहे. दात्यांच्या यादीत आपलं मंडळही आहे, त्याची सही अजून आलेली नाही.