पट, तुकडी आणि एक किलोमीटर

परभणीहून सध्या मला दोन तक्रारी ऐकायला मिळतात. ताई सांगते, पोरीच्या वर्गात ६८ मुलं आहेत. काका सांगतात, तांड्यावरच्या शाळेत आता ११ च उरली. ताई राहते शहरात, वसमत रोडकडच्या एका नव्या कॉलनीत. काका जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर आयुष्य काढून निवृत्त झाले, पण शाळेची काळजी काही निवृत्त झाली नाही. दोघांना वाटतं आपले प्रश्न वेगळे आहेत. मला हळूहळू वाटायला लागलंय की तो एकच प्रश्न आहे, फक्त त्याच्या फायली दोन वेगळ्या टेबलांवर पडल्यात. म्हणून आजची ही पोस्ट.

आधी थोडं आमच्या धंद्यातलं. दहा सर्व्हर असतील आणि दोघांवर सगळा लोड पडला असेल, तर सरासरी आलेख अगदी शांत दिसतो. सायबर सिटीतल्या एसीत बसलेला मॅनेजर खूष. इकडे ते दोन सर्व्हर मरायला टेकलेले. त्यामुळे सरासरी बघून निर्णय घेऊ नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

आता हेच गणित शाळेत घालून बघा. उदाहरणापुरतं समजा, तीन वाड्यांवर प्रत्येकी १२ मुलांच्या तीन शाळा आहेत आणि प्रत्येकीत दोन शिक्षक. म्हणजे ३६ मुलं, ६ शिक्षक. शहरातल्या एका शाळेत ६६-६६ च्या दोन तुकड्या, दोन शिक्षक. एकूण १६८ मुलं, ८ शिक्षक. सरासरी काय आली? २१! कागदावर फिनलंडच. प्रत्यक्षात एकीकडे ओळीने बसायला चार पोरं नाहीत, आणि दुसरीकडे शेवटच्या बाकावरच्या पोरीला सरांचं तोंड दिसत नाही.

कायद्यात हे लिहिलेलं नाही असं अजिबात नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार असं स्पष्ट दिलंय. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत अंतर ठरलं: प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत. परिशिष्टाचे निकष खाजगी शाळांनाही आहेत. म्हणजे ताईच्या पोरीचा ६८ चा वर्गसुद्धा त्याच कायद्याखाली येतो. पण मंडळी, पट कमी झाला की कुणीतरी विचारायला येतं. पट जास्त झाला की कुणी येत नाही. फार तर शाळा नवा बोर्ड लावते: प्रवेश फुल्ल.

ही पटाची सवय आली कुठून, तेही बघण्यासारखं आहे. आमच्या शेजारच्या नांदेडला तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पटपडताळणी केली आणि हजेरीपटावरची भुतं बाहेर काढली. मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस तेच झालं, पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून. खोट्या नावांवर अनुदान लाटणारे होतेच, ती पडताळणी हवीच होती. पण त्यानंतर २ मे २०१२ ला शिक्षकभरतीवर बंदी आली, आणि ‘पट’ हा एकच आकडा देव होऊन बसला. आज संचमान्यता, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक, ही ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. त्यातही मधल्या काळात आधार जुळलेलीच मुलं धरायची असं आलं. आधारवर नावाची वेलांटी चुकली तर पोरगं वर्गात हजर आणि हिशोबात गैरहजर. आमच्याकडे याला डेटा क्वालिटी इश्यू म्हणतात. तिथे त्यामुळे शिक्षकाचं पद जातं.

परभणीत यात एक जास्तीची गुंतागुंत आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरच्या पटावर असलेलं पोरगं जानेवारीत कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतं. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती ज्या वर्षी वेळेवर सुरू झाली त्या वर्षी शाळा भरलेली, नाहीतर जानेवारीत येणाऱ्या साहेबाला अर्धा वर्ग रिकामा दिसतो. मग तो लिहितो, प्रतिसाद अल्प.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव द्या, असं जिल्ह्यांना सांगितलं. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत. राज्यात अशा शाळा निघाल्या १४,७८३, आणि त्यांत मुलं १ लाख ८५ हजारांवर. ओरड झाल्यावर शाळा बंद करणं हा हेतू नाही, असा खुलासा झाला. हेतू नसेलही. पण सरकारी मराठीत शाळा कधी बंद होतच नाही, तिचं ‘समायोजन’ होतं :)

काकांना मी हे फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले, “अरे, लेकरं काय बोरं हैत का, या टोपलीतून त्या टोपलीत वतायला?”

छोट्या शाळेची मी भक्ती करत नाही हेही सांगतो. एक शिक्षक, पाच वर्ग, त्यात पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामं, यात शिकवणं किती होणार? अकरा पोरांत कबड्डीचे दोन संघसुद्धा होत नाहीत. जिथे रस्ता चांगला आहे, गाडी रोज येते आणि पुढची शाळा खरंच बरी आहे, तिथे एकत्र करणं पोरांच्या फायद्याचं असू शकतं. माझी चिडचिड ‘एकत्र करा’ यावर नाही. चिडचिड आहे ती नकाशा न बघता एकत्र करण्यावर.

कारण एक किलोमीटर म्हणजे काय? पंचवीस टक्क्यांच्या ऑनलाइन प्रवेशात आईबापांनी गुगल मॅपवर आपल्या घरावर बलून ठेवायचा, मग मशीन अंतर काढतं. त्या मशीनला काय माहीत की मध्ये जायकवाडीचा डावा कालवा आहे आणि पूल दुसऱ्या टोकाला? गोदावरीच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर दिसणाऱ्या गावांत सरळ रेषेत हाकेचं अंतर असतं, आणि रस्त्याने अर्धा तालुका फिरावा लागतो. शहरात तेच काम रेल्वेची लाइन करते. सहा वर्षांच्या पोरीसाठी अंतर पावलांत मोजायचं असतं, आणि पावसाळ्यातलं वेगळं. आणि एसटीचा मोफत पास? अहिल्याबाई होळकर योजनेचा पास मुलींना पाचवीपासून मिळतो. वाडीवरची शाळा असते पहिली ते चौथी-पाचवीची. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज, ती योजनेच्या बाहेर.

आता तो मघाचा ‘एकच प्रश्न’. वाडीवरचा पट कमी का झाला? जन्म कमी झाले, लोक पुण्याला गेले, हे आहेच. पण पिवळ्या व्हॅनही आहेत. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार उघडलं आणि तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेच्या कडेला इंग्लिश स्कूलच्या पाट्या लागल्या. ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत त्याचं पोरगं व्हॅनमध्ये बसलं. वाडीत उरलं ते ज्याच्याकडे नाहीत त्याचं. पट घसरला म्हणून शिक्षक कमी झाला, शिक्षक कमी झाला म्हणून आणखी दोघांनी पोरं काढली. शाळाच उठली की काही जण खोली करून परभणीत येतात, काही जण पोरीला घरी बसवतात. परभणीत आलेली मुलं बसतात कुठे? ताईच्या पोरीच्या बाकावर, तिसरी म्हणून. वाडीवरून वाचवलेला शिक्षक काही त्या वर्गाला मिळत नाही, कारण तो जिल्हा परिषदेचा आणि ही शाळा संस्थेची. सर्व्हर बंद करायचा, लोड दुसऱ्याच्या मशीनवर ढकलायचा, आणि स्वतःचा आलेख सुधारला म्हणायचं!

गंमत बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं की सरकारी शाळांत मुलं फार कमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्के जागा द्यायची गरज नाही, गरीब पोरांनी त्या जवळच्या शाळेत जावं. म्हणजे ज्या शाळा जेमतेम टिकल्यात म्हणता, त्यांच्याकडेच बोट! मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली, जुलैमध्ये तो बदल रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. बरं झालं. पण एका सहा महिन्यांत एकाच खात्याचे दोन हात एकमेकांविरुद्ध चालले, ते बघून माझी तर मती गुंग झाली.

माझा एक मित्र अमेरिकेत उपनगरात राहतो. तिथे शाळेची हद्द बदलायची असेल तर निवडून आलेलं बोर्ड नकाशे मांडतं, जाहीर सभा घेतं, आईबाप माइकवर येऊन भांडतात. तो वैतागून म्हणतो, “तीन महिने झाले, नुसती भांडणं चाललीयेत.” मी म्हटलं, भाग्यवान आहेस बाबा. आमच्या परभणीत ते पत्र आलं तेव्हा जिल्हा परिषदेची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. मार्च २०२२ पासून प्रशासक. निवडून आलेली शिक्षण समितीच नव्हती, भांडणार कुणाशी?

तरी एक माइक आपल्याकडे आहे. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक. बहुतेकांना ती सही करायला बोलावतात तेव्हाच कळते. त्या समितीला विचारल्याशिवाय समायोजनाचा कागद पुढे जाऊ नये, आणि कागदासोबत चालण्याच्या रस्त्याचा नकाशा जोडलेला असावा. मोजणी शाळेच्या पटाची नको, वस्तीतल्या लेकरांची हवी: किती आहेत, कुठे जातात, कितीजण कुठेच जात नाहीत. आणि २० च्या खाली गेल्यावर जशी नोटीस निघते, तशीच वर्गात ६० च्या वर गेल्यावरही निघाली पाहिजे.

एवढा डेटा खात्याकडे आहे. दर शाळेचा यूडायस क्रमांक आहे, दर मुलाचा आयडी आहे. दोन टेबलं जोडायची क्वेरी आमच्याकडचा नवा पोरगासुद्धा दुपारच्या चहाआधी लिहून देईल. अडलंय ते क्वेरीवर नाही. ताई आणि काका एकाच जिल्ह्याच्या एकाच फाइलमध्ये यावेत, असं कुणाला तरी वाटलं पाहिजे.

तुमच्या गावाकडच्या शाळेचा पट किती आहे, एकदा फोन करून विचारा. आणि तुमच्या पोराच्या वर्गाचाही.