अपस्मार, साखरपुडा आणि सांगण्याची वेळ

चि. सौ. कां. नियोजित वधू व चि. नियोजित वर यांस,



वधूस अपस्मार, म्हणजे मेंदूतील विद्युत्-व्यवहार अचानक अनियंत्रित होऊन वारंवार झटके येण्याचा विकार आहे आणि ‘लग्नानंतर बघू’ हा घरच्यांचा सल्ला बाजूला सारून तिने ते स्वतःच वरास सांगितले, हे योग्यच झाले. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके विवाहातील अडसर ठरवले गेले होते. 1999 मध्ये तो उल्लेख वगळण्यात आला. मात्र जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती कपटाने दडवून संमती मिळवली असल्यास विवाह न्यायालयाकडून रद्द ठरवून घेता येतो, ही तरतूद कायम आहे. म्हणजे आजच्या कायद्यात अडचण आजाराची नसून लपवण्याची आहे.

वैद्यकीयदृष्ट्याही लपवणेच महागात पडते. सुमारे 70 टक्के रुग्णांचे झटके योग्य औषधांनी थांबू शकतात, परंतु त्यासाठी गोळ्यांमध्ये खंड पडता कामा नये आणि झोप पुरेशी व्हावी लागते. सासरी कोणी पाहील या धास्तीने रात्रीची गोळी चुकली आणि त्यातच जागरण-गोंधळाची रात्र आली, तर ज्याची भीती होती तेच सर्वांदेखत घडण्याचा संभव वाढतो. वरास हे ठाऊक असेल, तर नववधूला वेळेवर झोपू द्यावे, असे तो वडीलधाऱ्यांना सांगू शकतो. झटका आल्यास तिला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि झटका पाच मिनिटांहून अधिक चालल्यास रुग्णालयात न्यावे, हेही त्याने आताच शिकून घ्यावे.

तथापि आजाराचे नाव सांगितले म्हणजे मोकळेपणा आला, असे नव्हे. अपस्मारावरील औषधांपैकी व्हॅल्प्रोएट गर्भास अपायकारक ठरू शकते, तर कार्बामाझेपिन व फेनिटॉइन यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. त्यामुळे एरवी संकोचाने टाळले जाणारे शरीरसंबंधांचे आणि अपत्याचे बोलणे या जोडप्यास लग्नाआधीच करावे लागते, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, हेही त्यातच ठरवावे लागते. अशा बोलण्यातूनच जवळीक वाढते. मात्र ते एकतर्फी असू नये. ‘मला काही फरक पडत नाही’ असे वराने औदार्याने म्हणणे आणि मनातली धास्ती गिळणे, हीसुद्धा लपवाछपवीच होय.

म्हणून उभयतांनी मुहूर्तापूर्वी एकत्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे, औषधांची चिठ्ठी दोघांनी मिळून वाचावी आणि त्यानंतरच वराने आपला होकार पुन्हा एकदा द्यावा. त्याचे मन तयार नसेल, तर साखरपुडा मोडणे हा अपराध नव्हे. पण आजार दडवून लग्न उरकण्याचा सल्ला, तो कोणीही दिला तरी, मानू नये.