दोऱ्या

धुळ्याला वैद्यकीय शिक्षण घेत असताना उभं कापलेलं हृदय पहिल्यांदा हातात आलं, तेव्हा झडपेपेक्षा दोऱ्यांनीच नजर धरून ठेवली. डाव्या बाजूची ही दोन पाकळ्यांची झडप. बिशपच्या टोपीवरून 16व्या शतकात व्हेसेलियसनं तिला माइट्रल म्हटलं. मला ती पॅराशूटसारखी वाटली. पाकळ्यांच्या कडांना पांढऱ्या दोऱ्या, आणि दोऱ्यांची खालची टोकं कप्प्याच्या भिंतीतून वर आलेल्या बोटासारख्या स्नायूंत रुतलेली. त्या झडप उघडत नाहीत. ती उघडते-मिटते रक्ताच्या दाबानं. कप्पा आवळला की पाकळ्या वर उलटू नयेत, एवढंच त्यांचं काम. खालचे स्नायूही तेव्हाच आवळतात, म्हणून दोरी ढिली पडत नाही. दिवसाला साधारण 1 लाख वेळा.

मोठी माय साक्रीकडची. तपासण्यांसाठी जळगावला आमच्याकडे आली होती. कळण्याची भाकरी मोडता मोडता तिनं हे ऐकलं आणि विचारलं, "आत दोऱ्या शेतस?"

तिच्या दोऱ्या जाड होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. लहानपणी घसा दुखला, मग गुडघे, घोटे सुजले. वाढतं वय म्हणून सोडून दिलं. घशातल्या जंतूंशी लढायला उठलेली शरीराची फौज झडपेवर उलटते, तो हा संधिवाताचा ताप. सांधे काही आठवड्यांत बरे होतात, झडप वीस वर्षांनी बोलते. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घेतलं, तर ताप पुन्हा उलटत नाही. औषध महाग नाही. तिला ते कुणी दिलंच नाही, याचा मला अजून राग येतो.

प्राण्याच्या ऊतींची झडप काही वर्षांत झिजते. यांत्रिक टिकते, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली तर 1990पासून बसवतात, तिची चकती चक्क पॉलिथिनची. पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी, वरचेवर रक्ततपासणी. मेथी-पालक बंद नाही, मात्र रोज सारख्याच मापात. एकदम जास्त झाली की गोळीचा जोर उतरतो. साक्रीकडे हिवाळ्यात हे माप कोण सांभाळणार?

मोठ्या मायनं यांत्रिकच घेतली. "परत फाडाले नको," म्हणाली. सर्जननी मागच्या पाकळीच्या दोऱ्या जमतील तेवढ्या राखल्या, कारण कप्प्याचा आकारही त्याच धरून ठेवतात. आता रात्री घर निजलं की टिकटिक ऐकू येते. नातवंडं कान लावतात. महिन्याला एकदा ती धुळ्याच्या एसटीत बसते, पिशवीत गोळ्यांची वही आणि डबा.