वाळूची ऊब

माय पहिल्यांदाच समुद्र बघत होती, पण लाटांकडे तिचं लक्षच नव्हतं. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ती खाली बसली आणि मनगटापर्यंत हात वाळूत घातला. म्हणाली, "जित्ती शे हाई वाळू."

तिचं माहेर खानदेशातलं, गिरणा नदीकाठचं. पावसाळा सरून पाणी ओसरलं की पात्रात टरबूज-डांगराच्या वाड्या लागायच्या. वाळूत खड्डा, त्यात शेणखत, मग बी. वर राहिलं तर करपायचं, खोल गेलं तर कुजायचं. किती खोल, ते तिच्या वडिलांच्या बोटांना ठाऊक होतं.

वेळासला येणारी ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हेच काम मागच्या पायांनी करते, रात्रीच्या अंधारात. मडक्यासारखा दीड फुटाचा खड्डा, त्यात शंभरेक अंडी, वरून वाळू. अंगाचा भार टाकून ती वाळू दाबते आणि समुद्रात निघून जाते. परत बघायला येत नाही. पुढचे पन्नासेक दिवस वाळूच आई. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूची ऊबच ठरवते. जास्त तापली तर माद्या, त्याहून तापली तर अंडंच मरतं. उन्हाळाभर उन्हाला शिव्या देणाऱ्या आम्हा खानदेशी माणसांना हे ऐकून गप्प व्हायला होतं.

इथली अंडी पूर्वी माणसं उकरून न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री. 2002 मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन राखण सुरू केली. कासवमित्र पहाटे मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी कुंपणातल्या खड्ड्यांत हलवतात. खड्डा तेवढाच खोल, तशाच आकाराचा. मला या माणसांच्या हातांत मायच्या वडिलांचे हात दिसले.

संध्याकाळी त्यांनी एका खड्ड्यावरची टोपली उचलली. तळहातात मावतील एवढी काळपट पिल्लं. त्यांना उचलून पाण्यात सोडत नाहीत. वाळू तुडवत त्यांनी स्वतःच जायचं. एक कुणाच्या तरी पाऊलखुणेत उताणं पडलं, धडपडत सरळ झालं. लाटेने दोनदा मागे आणून टाकलं. तिसऱ्यांदा दिसलं नाही.

"मंग यास्नी माय कोठे शे?" मायने विचारलं.

याच किनाऱ्यावर जानेवारी 2022 मध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा धाडणारं यंत्र बसवलं होतं, 'प्रथमा' नाव ठेवून. कोकणातल्या या आया अंडी घालून जातात कुठे, ते कळावं म्हणून. मी एवढं सांगितलं. माय बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. समुद्र तिने खरा तेव्हा पाहिला.

परतीच्या वाटेवर गिरणेच्या पुलावर तिने गाडी थांबवायला लावली. पात्रात डंपरच्या चाकोऱ्या होत्या, जागोजाग खड्डे, तळाशी हिरवट पाणी. आमच्याकडे वाळू ब्रासने मोजतात. ती कुठल्या बंगल्याच्या भिंतीत गेली, कुणी विचारत नाही. वाड्या तर कधीच्या गेल्या.

माय माझा हात धरून काठाने खाली उतरली. वाडी होती त्या जागी बसली आणि वेळासला घातला होता तसाच हात खाली घातला.

चार बोटांवर दगड लागला.